नामदेवच्या पायाची पट्टी

भोंगा आधी घरघरायचा, मग ओरडायचा. वाशीमच्या त्या कापसाच्या जिनिंगमध्ये माझी उमेदीची वर्षं गेली. तिथले किस्से म्हणजे अंगावरची रुई. कितीही झटकली तरी घरी आल्यावर कानामागे थोडी सापडायचीच!

सत्तर सालानंतरची गोष्ट. आमच्यात एक रीत होती. कोणी आजारी पडला आणि मुकादमानं सुट्टी दिली, की बाकीच्यांनी त्याची पाळी वाटून करायची. त्याची हजेरी लागायची, घरची चूल पेटायची.

*

महादूचं बोट मशीनमध्ये गेलं. आम्ही पंधरा दिवस त्याची पाळी केली. परत आल्यावर तो म्हणाला, "एका बोटात पंधरा दिवस भेटले, गड्याहो! अजून नऊ हायेत!"

मुकादमसुद्धा हसला.

*

रहीमचाचाला कावीळ झाली. मुकादम म्हणाला, "डोळे दाखवा, चाचा." पिवळे दिसले. "जा घरी!"

इतकं सोपं होतं. फक्त दिसायला पाहिजे.

*

केनवडचा नामदेव आमच्यातला सगळ्यात गमत्या. एका हंगामात गप्पच झाला. डबा उघडायचा, बघायचा, झाकायचा.

मी विचारलं, "काय होऊन राह्यलं बे तुले?"

"काई नाई. मशीन पाह्यली का वाटते, घालावा हात."

मी त्याला धरून मुकादमाकडे नेलं.

"कुठं दुखते?"

नामदेवनं छातीवर हात ठेवला.

"ताप नाई, मार नाई. मंग सुट्टी काहून मांगून राह्यला? मनाले पलस्तर लावू काय!"

सगळे हसले. मीही हसलो.

*

दुसऱ्या दिवशी गेटबाहेर मी धोतराची पट्टी फाडली, हळद लावली, त्याच्या धडधाकट पायाला बांधली. म्हटलं, "लंगड."

मुकादमानं लांबूनच पाहिलं. "अरे, आधी सांगायचं ना! जा, आराम कर."

महिनाभर आम्ही त्याची पाळी केली. गावचे लोक त्याला भेटायला जात, पायाची चौकशी करत. त्याची बायको मला म्हणाली, "भाऊ, आता झोपतेत ते. कोनी पायाचं इचारलं का डोये भरून येतेत."

*

महिन्यानं नामदेव आला. लंगडतच.

मुकादमानं विचारलं, "पाय कसा हाय?"

नामदेव खाली बसला. सगळ्यांसमोर पट्टी सोडली. पायावर ओरखडासुद्धा नव्हता.

"पाय कदीच दुखला नाई, मुकादम."

मला वाटलं, आता याची हजेरी जाणार, आमची रीतही जाणार!

मुकादम वाकला. जमिनीवरची पट्टी उचलली, नीट घडी केली, खिशात ठेवली. आणि नामदेवची हजेरी लावायला निघून गेला.