वायरवर नाव कुठं लिहायचं?

निवृत्त बाईजवळ वेळच वेळ असतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा माजी विद्यार्थी संघाचं सचिवपद घेऊन पाहावं. मंत्रालय नव्या रायपूरला गेल्यापासून ऑफिसच्या बसने त्या रुंद, रिकाम्या रस्त्यांवरून रोज जाऊन-येऊन मी वैतागले होते. सुटले एकदाची म्हणून हुश्श करते न करते, तोच तात्यापारा मोहल्ल्यातल्या आमच्या जुन्या शाळेच्या मुख्याध्यापिकेचा फोन आला. ती त्याच शाळेत माझ्या मागे काही वर्षं होती. "ताई, आता तुम्ही मोकळ्या झाल्या न जी," ती म्हणाली. "संघाचं काम तुम्हीच पाहा. दुसऱ्या कोणाले सांगितलं तर फक्त हव म्हणतात, करत काही नाही."

शाळा आमच्याच लोकांनी काढलेली. विदर्भातून रेल्वेत, कचेऱ्यांत नोकरीला आलेल्या मंडळींनी. आमच्या वेळी वर्गात सगळी आमचीच पोरं असायची. पुढे छत्तीसगढ हे नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, आमच्या लोकांनी कॉलन्यांमध्ये फ्लॅट घेतले आणि पोरं पिवळ्या बसमधून इंग्रजी शाळेत जाऊ लागली. शाळा होती तिथेच राहिली. आता तिथे येतात ती गोल बाजारातल्या हमालांची, भांड्यांच्या दुकानात राबणाऱ्यांची, रिक्षावाल्यांची पोरं. घरी छत्तीसगढी, वर्गात हिंदी, आणि सकाळची प्रार्थना मात्र अजून मराठीत. खाली पाचवीपर्यंत, वरच्या मजल्यावर सहावी ते आठवी, तिथे बहुतेक मुलीच, कारण मुलगे पाचवीनंतर मोठ्या शाळांत जात. वरच्या वर्गांत मराठी हा विषयही होता, तो मुख्याध्यापिका स्वतः शिकवायची. तिचा सगळा जीव त्या वरच्या मजल्यात. "पाचवी झाली की पोट्टी घरी बसते, ताई," ती मला पहिल्याच दिवशी म्हणाली. "शाळा घराजवळ आहे म्हणून मायबाप आठवीपर्यंत पाठवतात. लांबच्या शाळेत नाही पाठवत. मले बस एवढा वरचा मजला चालू ठेवायचा आहे."

तर संघ. संघ म्हणजे मुख्यतः व्हॉट्सॲपचा ग्रुप. उजाडण्यापूर्वी गुलाबाची फुलं, दिवसभर शाळेच्या आठवणी, त्याही अर्ध्या हिंदीत. मराठी टिकली पाहिजे, यावर ग्रुपचं एकमत होतं. यांची स्वतःची नातवंडं "आजी, खाना दो" म्हणतात, ते सोडा. आणि शाळेला काही द्या असं मी लिहिलं की पहिला प्रश्न ठरलेला, "पण ताई, आता तिथं आपले मुलं कुठं आहेत?"

देत नव्हते असंही नाही. देत होते, आणि तीच तर सगळी पंचाईत झाली. आमच्या लोकांची देण्याची एक रीत आहे. आई गेली, वडील गेले, की वर्षश्राद्धाला शाळेला पंखा द्यायचा. पंखाच का, तर त्याला पाती असतात आणि पात्यावर लाल रंगाने नाव लिहिता येतं. कोणाचं 'कैलासवासी', कोणाचं 'कालकथित', आणि खाली 'यांच्या स्मरणार्थ'. एका पात्यावर गेलेल्याचं नाव, दुसऱ्यावर देणाऱ्याचं, तिसऱ्यावर सुनांची-नातवंडांचीसुद्धा. दिलेला पंखा पाहायला हे लोक सहकुटुंब येत, तेही भर मे महिन्यात. पंखा फिरताना नाव दिसत नाही, म्हणून तो बंद करायला लावत आणि फोटो निघेपर्यंत अख्खा वर्ग घामाने निथळत बसे.

त्यात संघातल्या एकाचा भाचा बंगळुरूहून आला. तो म्हणे अशाच कामाचा तज्ज्ञ, मोठमोठ्या कॉलेजांना माजी विद्यार्थ्यांकडून देणग्या कशा काढायच्या ते शिकवतो. त्याने आम्हाला पडद्यावर चित्रं दाखवली, हिंदी-इंग्रजीत बराच वेळ बोलला. सार एवढंच की लोकांची शाळेशी नाळ जोडा आणि बॅचा-बॅचांमध्ये चुरस लावा. नाळ जुळली की नाही माहीत नाही, चुरस मात्र अशी लागली की विचारू नका. आमच्या पुढच्या बॅचने पंखे दिले, म्हणून मागच्या बॅचने त्याहून जास्त दिले. छोट्याशा वर्गात चार-चार पंखे लटकू लागले. मी ग्रुपवर हात जोडून लिहिलं की बाबांनो, पंखे पुरे झाले, आता भिंतीतली वायर बदलायची आहे, ती आपल्या जन्माच्याही आधीची आहे, बटण दाबलं की बोर्डातून चरचर आवाज येतो. खाली जोडलेल्या हातांची चित्रं आली, टाळ्या आल्या. दुसऱ्या दिवशी आणखी एक पंखा आला.

आमचे अध्यक्ष वीज खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. सगळे त्यांना भैया म्हणतात. मी त्यांना शाळेत घेऊन गेले. त्यांनी बोर्ड उघडून पाहिला आणि मान हलवली. "ही वायर लोड घेऊन नाही राहिली. कधीही पेटेल. हे मी तुले लिहून देतो."

"मग तुम्हीच सुरुवात करा, भैया. वायरिंगला द्या."

"मी तर पंखा देऊन चुकलो ना," ते म्हणाले. "अन् वायरवर नाव कुठं लिहायचं, सांग बरं?"

ते थट्टा करत नव्हते. मी कपाळाला हात लावला.

संक्रांतीच्या सुमारास सहावीच्या वर्गातला बोर्ड पेटला. मधली सुट्टी होती म्हणून वर्गात कोणी नव्हतं, भिंत तेवढी छतापर्यंत काळी झाली. तपासणी झाली आणि हुकूम आला की नवी वायरिंग होऊन दाखला मिळेपर्यंत वरचा मजला बंद. त्या वर्षीच्या परीक्षा खालच्या व्हरांड्यात कशाबशा उरकल्या. जूनपर्यंत वरचे वर्ग उघडले नाहीत तर शाळा पाचवीपर्यंतच राहणार होती. मुख्याध्यापिकेचा चेहरा उतरला. आवाज मात्र तिने चढू दिला नाही. तो मी चढवला.

तातडीची बैठक बोलावली. चिवडा आला, चहा आला, आठवणी आल्या. कोणत्या गुरुजींनी कोणाला कोणत्या खिडकीबाहेर उभं केलं होतं, ते ऐकून झालं. शेवटी माझा संयम सुटला. "वायरवर नाव लिहिता येत नाही म्हणून तुम्ही देत नाही, हो ना?" मी ओरडलेच. "मग बटणांवर लिहा! प्रत्येक बटणाच्या वर एकेकाच्या बापाचं नाव टाका, पण वायर बदला!"

मी टोमणा मारला होता. तो त्यांना पटला.

"वा! काय आयडिया काढली ताईनं," भैया म्हणाले, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बोर्डावर पितळेच्या छोट्या पट्ट्या लावायच्या, एका पट्टीवर एक नाव. ज्यांनी वर्षभर ताकास तूर लागू दिली नव्हती त्यांचे फोन येऊ लागले. मला वाटलं, चला, मूर्खपणाने का होईना, काम होतंय. मुख्याध्यापिका तर रडलीच फोनवर. एवढं होईल असं तिला वाटलं नव्हतं.

मग भांडणं सुरू झाली. एका गृहस्थांच्या लक्षात आलं की त्यांनी आठवीच्या वर्गात दिलेला पंखा ज्या बटणावर चालतो, ते बटण त्यांच्या साडूने घेतलंय. साडूशी कित्येक वर्षांचा अबोला. "माझ्या बाबांचा पंखा त्याच्या बाबांच्या बटणावर फिरन? नाही चालत जी!" पंखा दुसऱ्या बटणावर घेऊ म्हटलं, तर ते बटण तिसऱ्याचं. ट्यूबलाइटचं बटण कोणाला नकोच, त्यात म्हणे मान नाही. आणि मेन स्विच? त्यासाठी दोन बॅचा हातघाईवर आल्या. शेवटी भैयांनी तोडगा काढला की आपला एक वर्गमित्र अमेरिकेत असतो, तो सगळ्यांत मोठी रक्कम देणार आहे, तेव्हा मेन स्विच त्याचा. तो पावसाळ्यात येणार आहे, तेव्हा त्याच्या समोरच नक्की करू.

"पावसाळ्यात?" मी म्हटलं. "शाळा जूनमध्ये उघडते, भैया. आधी वायर टाकू, नावं मग लावू."

"नाव ठरल्याशिवाय कोणी हात सैल सोडन का? तू काहून एवढी घाई करून राहिली?"

तेव्हापासून मी घरोघर फिरले. प्रत्येक घरी चहा घेतला, अल्बम पाहिले, गेलेल्या माणसांचे फोटो पाहून मान डोलावली. मनातल्या मनात बोटं मोडत होते. आधी थोडे तरी द्या, पट्टी तुमच्या पसंतीची लावू, असं म्हणून म्हणून माझं तोंड दुखलं. नाकी नऊ आले. सगळे "हव, हव" म्हणत आणि शेवटी "बाकीचे देतात तवा आम्ही पण" म्हणून मला दारापर्यंत सोडायला येत. इकडे मुख्याध्यापिकेकडे पाचवी झालेल्या पोरींच्या आया येऊन विचारत होत्या, "छठवीं खुलही के नइ, मैडम?" अक्तीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, विचारलं, मे महिना सरताना पुन्हा विचारलं.

"सांगून टाक, उघडेल म्हणून," मी तिला म्हटलं.

"अन् नाही उघडली तर, ताई? त्यायचं वर्ष जाईन. खोटं कसं सांगू?"

तिने खोटं सांगितलं नाही. जून आला आणि गेला. पाऊस लागल्यावर अमेरिकेचे पाहुणे आले, मेन स्विचवर त्यांच्या आईचं नाव ठरलं, आणि मग बघता बघता सगळ्यांनी पैसे दिले. वायरिंग झाली, दाखला मिळाला. काम उत्तम झालं होतं, ते मी कबूल करते.

पोळ्याच्या आसपास उद्घाटन ठेवलं. खुर्च्या, हार, शाल-श्रीफळ, सगळं आलं. भैयांनी आदल्या दिवशी मुख्याध्यापिकेला फोन करून बजावलं होतं की वरच्या वर्गात मुलं बसवून ठेवा, फोटो भरलेला दिसला पाहिजे. पाहुण्यांनी मेन स्विच वर केला. दिवे लागले. सगळे आपापल्या बटणासमोर उभे राहून फोटो काढू लागले. मग मंडळी सहावीच्या वर्गात शिरली. बाकांवर मुली ओळीने बसल्या होत्या, हाताची घडी घालून. कोणाचेच पाय जमिनीला पोचत नव्हते.

भैयांना ते दिसलं नाही. ते रंगात आले होते. "तर मग," त्यांनी खड्या आवाजात विचारलं, "यावर्षी सहावीत पहिला नंबर किसका आएगा?"

मुली एकमेकींकडे पाहू लागल्या. शेवटी पुढच्या बाकावरची एक उठली. "हमन तो तीसरी म हन, सर."

कोणीतरी हसलं. भैया मुख्याध्यापिकेकडे वळले. "हे काय? सहावी कुठं आहे?"

"सहावी नाही, भैया," ती म्हणाली. "सातवी-आठवीसुद्धा नाही. वरच्या वर्गांले एकही नाव नाही आलं."

"असं काहून? आता तर नवी वायरिंग झाली."

"आता झाली."

मी तिच्या शेजारीच उभी होते. मला त्या सगळ्या पितळी पट्ट्या उपटून काढाव्याशा वाटत होत्या. भैया त्या लहान लहान पोरींकडे पाहत राहिले. ते दुष्ट नाहीत, तेव्हाही नव्हते.

"मग हे सगळं आपण केलं तरी कोणासाठी?" त्यांनी विचारलं.

"त्याच पोट्ट्यांसाठी केलं, भैया. दोघी-तिघी मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत जातात. बाकीच्या घरी आहेत." मग ती तिसरीच्या मुलींकडे वळली. तिने त्यांना उठवलं, रांग करायला सांगितली, शेवटच्या मुलीचा हात धरला आणि दाराकडे निघाली. "चला, खाली आपल्या वर्गात. हळू उतरा."