रेषा खाली का आली?

आमच्या ग्राफच्या सॉफ्टवेअरची एक खोड होती. आजचा हिशेब बारकाईने ठेवायचं, पण दिवस जातील तशी जुन्या आकड्यांची सरासरी काढून टाकायचं. आजचा उंच सुळका वर्षाच्या ग्राफमध्ये शोधायला जावं, तर तिथं नुसतं टेंगूळ! आमच्या किश्श्यांचं नेमकं उलटं आहे. दर वेळी सांगताना सुळका थोडा वाढतोच. आम्ही जुने लोक कुठं भेटलो की चहा येईपर्यंत दोन-तीन किस्से तरी होतातच.

जालन्यात मोंढ्याजवळ, धान्यबाजाराला लागून, दोन खोल्यांचं आमचं ऑफिस. गावोगाव छोटे टॉवर उभारून आम्ही इंटरनेट पुरवायचो. मालक दत्ताभाऊ. आधी त्यांचा केबल टीव्हीचा धंदा, त्यामुळे कुठलीही अडचण आली की त्यांचा पहिला प्रश्न, "वायर हलवून बघितली का?" टॉवरवर चढायला रफिक. आणि कोणत्या गावात किती ट्रॅफिक, म्हणजे नेटचा वापर, चाललाय याचे ग्राफ बघायला सुनीता. डिप्लोमा करून आलेली, अंबड तालुक्यातली. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती, आता शेती. मी सगळ्यांच्या मधे, म्हणजे पडेल ते काम.

सॉफ्टवेअर ओपन सोर्स. भाऊंच्या भाषेत "फुकटातलं, पण बिलकुल ओरिजिनल"!

*

एकदा सकाळी भाऊ केबिनमधून ओरडतच बाहेर आले. "अरे, हे नान कोणाचं? आपण हॉटेलवाल्याला कधी कनेक्शन दिलं?"

बघतो तर सगळे ग्राफ कोरे, आणि खाली आकड्याच्या जागी इंग्रजीत तीन अक्षरं : एन, ए, एन. आकडाच मिळाला नाही की ते सॉफ्टवेअर असं लिहायचं.

सुनीताने अर्धा दिवस खपून कारण शोधलं. आदल्या दिवशी भाऊंनी "सेफ्टीसाठी" राउटरचा पासवर्ड बदलला होता. सॉफ्टवेअरला मात्र जुनाच माहीत.

"भाऊ, ते बिचारं दारात उभं राहून हाका मारून राह्यलंय, आन् तुम्ही कुलूपच बदललं!"

भाऊ म्हणाले, "मंग तसं लिहावं ना! कुलूप बदललं म्हणून. नान कशाला?"

*

राजूरला गजानन नावाच्या पोराचं सायबर कॅफे होतं. आम्ही ऑफिसात नवा सर्व्हर बसवला आणि लगेचच भाऊ या गजाननच्या प्रेमात पडले. कारण त्याचा ग्राफ पहाटे पाचला वर चढायचा!

"बघा, शिका काही," भाऊ आम्हाला ऐकवायचे. "तिकडं मंदिरात घंटा वाजत न्हाई तर याचं शटर वर! न्हाई तर तुम्ही, दहाला येता अन् वर चहा मागता."

शेवटी त्यांना राहवेना. गणपतीच्या दर्शनाला म्हणून पहाटेच निघाले, सोबत शाल घेतली. गजाननचा सत्कार करायचा! दर्शन झालं, दुकानापाशी गेले, तर शटरला कुलूप. पायरीवर बसून राहिले. ऊन वर आलं, शेजारची सगळी दुकानं उघडली, तरी भाऊ बसलेलेच.

साडेदहाला गजानन डोळे चोळत आला. "भाऊ? इतक्या लौकर?"

भाऊंनी तिथूनच फोन लावला. सुनीताने सर्व्हरचं घड्याळ बघितलं आणि कपाळाला हात लावला. नव्या सर्व्हरला आपली वेळ लावायचीच राहिली होती. ग्राफ विलायतेच्या वेळेवर चालला होता, साडेपाच तास मागे!

संध्याकाळी भाऊ रिकाम्या हाताने परतले. आम्ही विचारलं, "भाऊ, शाल?"

"देऊन टाकली. पोरगं उशिरा उठतं, पण उठतं तर खरं!"

*

उन्हाळ्यात एकदा ऑफिसातली लाइट गेली आणि आली. राउटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला, आणि स्क्रीनवर वाटूरची रेषा एकदम सपाट. मी आणि रफिक मोटरसायकल काढून निघालो. वाटूरला विष्णुकाकांचं कृषी केंद्र, त्यांच्याच गच्चीवर आमचा टॉवर.

"काका, तुमचं नेट बंद हाय."

"न्हाई बा. आत्ताच हवामान बघितलं."

"तिकडं ऑफिसात बंद दिसून राह्यलंय."

काकांनी आमच्यासमोर पुन्हा हवामान उघडून दाखवलं. तरीही रफिक म्हणाला, "आलोच हाय, तर चढून बघतो." तो चढला आणि सुनीताचा फोन आला.

"दादा, वडीगोद्रीवाले बोंबलून राह्यलेत, त्यांचं बंद हाय म्हणून. पण त्यांचा ग्राफ तर झकास पळतोय…" बोलता बोलता ती थांबली, आणि हसायलाच लागली. राउटर पुन्हा सुरू होताना त्याने आतल्या लाइनींचे नंबर अदलाबदल केले होते. सॉफ्टवेअर नंबर बघायचं. वाटूरच्या नावाखाली आम्ही वडीगोद्रीची रेषा बघत होतो!

मी रफिकला खाली बोलावलं. निघताना सवयीने काकांच्या स्क्रीनकडे बघितलं, तर नेट खरंच बंद.

"काका, हे काय?"

"वायर काढली मी," काका संकोचून म्हणाले. "तुम्ही उन्हातान्हात इतक्या लांबून आल्ते. काहीच काम न्हाई निघालं तर कसं वाटंल!"

*

एका कॉलेजच्या प्राचार्यांना त्यांचा ग्राफ बघायची हौस आली. भाऊंनी थाटात स्क्रीन फिरवली. डोंगरच डोंगर! प्राचार्य खूष. "विद्यार्थी खूप वापर करतात हो!"

सुनीता चुळबुळ करत होती. प्राचार्यांनीच विचारलं, "काय झालं?"

"सर, डावीकडचे आकडे बघा. फार बारीक हायेत. ग्राफ आपोआप ताणला जातो, म्हणून डोंगर दिसतात."

"मग हा एवढासा वापर कोणाचा?"

"आमचाच, सर. आमचं सॉफ्टवेअर तुमच्या राउटरला सारखं विचारतं, किती वापर झाला? त्या विचारण्याचाच हा ट्रॅफिक."

भाऊंनी डोळे मिटून घेतले. प्राचार्य मात्र खळखळून हसले. "म्हणजे तुमच्याशिवाय आम्हाला कुणीच विचारत नाही!"

*

सुनीताचं लग्न ठरलं आणि ऑफिसात सगळ्यांचे चेहरे पडले. होणारे सासरे, आबा, परतूरकडचे शेतकरी. नोकरी चालू ठेवायची का, या प्रश्नावर ते म्हणाले, "आधी काम बघू." मग एक दिवस खरोखरच ऑफिसात आले. सुनीताच्या शेजारी खुर्ची ओढून बराच वेळ बसले. स्क्रीनवरच्या रेषा वर-खाली होताना बघत राहिले. जाताना भाऊंनी हात जोडून विचारलं, तर "बघू" एवढंच म्हणाले.

सुनीताने नंतर कीबोर्ड पुसून ठेवला.

लग्नाच्या दिवशी ऑफिस सांभाळायला मी मागे राहिलो. दुपारी बसलो होतो, आणि बघता बघता सगळ्या गावांच्या रेषा खाली आल्या. एकूण एक! टॉवर तपासले, चालू. राउटर तपासले, चालू. गिऱ्हाइकांना फोन लावले, एकही उचलेना. भाऊंना फोन केला.

"थांब, थांब!" भाऊ फोन घेऊन थेट स्टेजवर चढले. मागे बँड, आणि त्यातून सुनीताचा आवाज. "दादा, टॉवर बराबर उत्तर देऊन राह्यलेत ना?"

"देतायत गं! पण ट्रॅफिकच नाही. कुणी फोनही उचलत नाही!"

ती काही बोलणार तेवढ्यात फोन कुणीतरी घेतला. जाड, खणखणीत आवाज आला. आबांचा.

"ओ साहेब! तुमचे सगळे गिऱ्हाईक हितं पंगतीत बसलेत. जिलेबी आत्ता फिरून राह्यली, रेषा इतक्यात वर येत न्हाई. अन् सत्यनारायणाची पूजा झाली की सूनबाई कामावर येऊन बघल तुमचं सगळं. तवर तुम्हीबी डबा खाऊन घ्या!"