घरचा आंबा

मे महिन्यात तळेघरला एस्टीतून उतरून, तासभर चालत आम्ही गावी पोचलो की पहिला भेटायचा तो आमचा बांधाशेजारी. खांद्यावर कुदळ, गालात तंबाखू. "कवा आला पावणं?" असं विचारायचा आणि उत्तराची वाट न बघता लगेच, "जानार कवा?" आमच्याच गावात आम्हाला पाहुणे म्हणणारा तो एकटाच, पण वडिलांना त्यात माया दिसायची.

कामसू फार. आमची सुट्टी संपली की दोन शेतांमधला बांध तो नीट करायला घ्यायचा. नीट झालेला बांध दरसाल थोडा आमच्याकडं सरकलेला असायचा. वडिलांनी विचारलं तर म्हणायचा, "पावसानं सरकतोय राव, माती लई ढिली." पाऊसही असा गुणी, दरसाल त्याच्याच बाजूनं यायचा.

पुढं कॉलेजात आमचं गावी जाणं सुटलं. नोकरी लागल्यावर एकदा गेलो, तर आजोबांनी लावलेलं आंब्याचं झाड बांधाच्या पलीकडं उभं. त्यानं मला त्याच सावलीत बसवलं, एक पिकलेला आंबा हातात ठेवला आणि म्हणाला, "खावा पावणं, लाजू नका. घरचाच हाय."