नवी सुई आधी धाकट्याला

नव्वदचं दशक संपत आलं होतं. कोपरीत स्टेशनजवळच्या एका खोलीत मी गर्दुल्ल्यांना सुया वाटायचे. जुनी आणा, नवी न्या, एकमेकांची वापरू नका, म्हणजे एड्स टळेल, एवढंच काम. आईने मात्र शेजारीपाजारी मी दवाखान्यात नोकरीला असल्याचं सांगितलं होतं. त्यामुळे माझ्यासाठी स्थळं यायची थांबली नाहीत.

वस्तीतल्या सभ्य मंडळींना आमचा फार त्रास. सुया दिल्या की पोरं बिघडतात, हा त्यांचा शोध. त्याआधी ती बहुधा भजनाला बसत असावीत. नाक्यावरच्या मंडळाचे अध्यक्ष मला एड्सवरचा खरा उपायही सांगून गेले: चांगले संस्कार. तो माल आमच्याकडे येत नव्हता. पुढे त्यांनी एकदा सकाळी आमच्या दाराला स्वतःचं कुलूप ठोकलं आणि ते काढायला चार माणसांच्या पाया पडावं लागलं.

कोलशेतच्या एका कंपनीतून कमी केलेला एक जण आमच्याकडे न चुकता यायचा. तो आणि त्याचा धाकटा भाऊ, दोघेही टोचून घ्यायचे. धाकट्याला एचआयव्ही निघाला होता आणि त्याने अंथरूण धरलं होतं. थोरल्याची तपासणी साफ होती. त्या घरातला एक तरी वाचवायचा, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. दोघांना पुरतील इतक्या सुया मी त्याच्या हातात द्यायचे. वापरलेल्या तो बंद डब्यात घालून परत आणायचा; डबा उघडून आम्ही मोजत नसू. आमच्या संस्थेचे मोठे साहेब काम बघायला आले की मी त्यालाच पुढे करायचे. इतकं शहाणं गिऱ्हाईक दुसरं नव्हतं.

पुढच्या तपासणीत त्यालाही निघाला. मी भडकलेच. सुया कुठे विकल्यास, असं तोंडावर विचारलं. तो दुखावला. नवी सुई रोज धाकट्याला, म्हणाला, आजारी आहे तो. त्याचं झालं की तीच स्वतःला. आमच्या दारावरचं कुलूप पाहिल्यापासून त्याने धास्ती घेतली होती. हे बंद पडलं तर धाकट्याचं काय, म्हणून स्वतःच्या वाट्याच्या सुया घरी पेटीत साठवल्या होत्या.

"बाहेरच्याची सुई मी कधी घेतली नाही, ताई. सख्खा भाऊ आहे तो."

भिंतीवरची आमची सगळी पोस्टरं त्याला पाठ होती. पण आजाऱ्याला आधी आणि उरलं ते आपल्याला, हे त्याला त्याही आधी घरात शिकवलेलं. मला रडू आलं आणि रागही आला. नेमका कोणावर, ते अजून ठरत नाही.

रिपोर्टचा अर्थ मी त्याला दोनदा समजावला. त्याने रिपोर्टची घडी करून खिशात ठेवली. मग त्याचा चेहरा जरा मोकळा झाला.

"म्हणजे आता त्याची वापरली तर चालेल ना, ताई? नव्या सगळ्या त्यालाच राहतील."