जास्वंदीचा चहा

मुलाचं ऑफिस खराडीत, म्हणून त्याच्याबरोबर तिथल्या एका दुकानात जाणं झालं. दुकान चहाचं, पण दुधाचं पातेलं कुठे दिसेना. नुसत्या काचेच्या बरण्या. मालक तिशीतला, डोक्यावर अंबाडा. बरणी उघडून आधी स्वतः डोळे मिटून वास घ्यायचा, मग तीर्थ द्यावं तशी ती गिऱ्हाइकापुढे धरायचा.

"ही तर वाळलेली जास्वंद," मी म्हटलं.

"हायबिस्कस टी, सर. यात दूध नाही, साखर नाही, चहापत्तीही नाही."

"मग उरलं काय?"

"एक्स्पिरियन्स."

ते लाल, आंबट पाणी आजारी असतो तर एकवेळ प्यायलो असतो. म्हटलं, "अहो, आम्ही कसब्यात गणपतीला रोज जास्वंद वाहतो. दुसऱ्या दिवशी तिला निर्माल्य म्हणतात. ते पीत नाहीत, विसर्जन करतात."

एवढा अपमान मी तरी सोसला नसता. त्यानं मात्र डोळे मिटले, तो शब्द दोनदा पुटपुटला आणि मनापासून माझे आभार मानले.

पुढच्या महिन्यात पुन्हा गेलो, तर काउंटरवर नवी बरणी होती. वर सुरेख अक्षरात लिहिलेलं: 'निर्माल्य'. आणि तिच्यात नाक खुपसून, डोळे मिटून उभा होता माझाच मुलगा.