लाल न केलेल्या शंका

माझी ताई कादंबऱ्या लिहिते, स्वतःच छापून घेते आणि स्वतःच पोस्टात टाकते, हे कळलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. "मोठा प्रकाशक नाही मिळाला?" आणि "मग नोकरी?" नोकरी तिनं तेहतीस वर्षं केली, पाणीपुरवठा खात्यात, मीटरचे आकडे उतरवण्याची. प्रकाशकाचं म्हणाल तर एकानं तिची पहिली कादंबरी दोन वर्षं ठेवून घेतली आणि नायिकेचं वय पंधरा वर्षांनी कमी करा म्हणून परत पाठवली. ताईनं पहिल्या पानावरचा चहाच्या कपाचा गोल डाग बघितला आणि म्हणाली, "आपलं आपण करू." तेव्हापासून सहा कादंबऱ्या आपल्या आपणच झाल्या. ही सातवीची गोष्ट. तिच्यात चूक माझी आहे, म्हणून सांगायचीही मीच.

"आपण" म्हणजे तीन माणसं: ताई, भावोजी आणि मी. मी एका छापखान्यात कॉम्प्युटरवर पानं लावते. दिवसभर बिलबुकं, औषधांच्या दुकानाच्या पिशव्या, शाळांच्या प्रश्नपत्रिका, आणि जेवणाच्या सुट्टीत ताईची कादंबरी. आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते, ती ऐकून लोकांना धक्का बसतो. पानं लावणारी बाई वाचत नाही. ती बघते. ओळ सैल पडली का, परिच्छेदाचा एकच शब्द पुढच्या पानावर लटकला का, एवढंच. मजकुरात शिरलं की नजर घसरते. सहा कादंबऱ्या मी लावल्या, वाचली एकही नाही. ताईला ते माहीत होतं. म्हणायची, "हीच माझी खरी वाचक. आजवर एकदाही नावं ठेवली नाहीत."

ताईची लिहायची पद्धत अशी. पहाटे साडेपाचला उठायचं, स्वयंपाकघरातल्या इस्त्रीच्या टेबलापाशी उभं राहायचं आणि मीटरच्या जुन्या फॉर्मांच्या पाठकोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं लिहायचं. उभं राहून, कारण बसलं की कंबर धरते. रोज एक पान. जास्त सुचलं तरी नाही. मी एकदा विचारलं, "अगं, सुचतंय तर लिही की." तर म्हणाली, "नळाला पाणी आलं म्हणून कुणी दिवसभर अंघोळ करतं का?" सात वाजले की बाहेरच्या खोलीतून भावोजी विचारायचे, "झालं का?" ती म्हणायची, "झालं." मग चहा.

भावोजी वजनमापे खात्यात निरीक्षक होते. आयुष्यभर दुकानदारांचे काटे तपासले, आणि निवृत्त झाल्यावर बायकोची वाक्यं तपासायला घेतली. हस्तलिखित पुरं झालं की ते पहिल्यांदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायचे. "नऊशे ग्रॅम. लेखिकाबाई, कादंबरी भरली." मग दोन बोटांनी सगळी टाइप करायला घ्यायचे. टाइप करता करता शंका आली की तिथेच, मजकुराच्या मध्येच लिहायचे आणि माऊसनं ओढून ती लाल करायचे. 'हिनं चहा ओतला, पण प्यायली कधी?' असलं काहीतरी. ताई लाल शंका वाचायची, एका चिठ्ठीवर पेन्सिलीनं उत्तर लिहायची आणि चिठ्ठी कीबोर्डखाली सारायची. भावोजी दुरुस्ती करून शंका पुसायचे. समोरासमोर बसून ही चर्चा का करत नाही, असं विचारायची सोय नव्हती. एकाच घरात राहून दोघांचा पत्रव्यवहार चालायचा. फाइल माझ्याकडे आली की मी फक्त पुसायचं राहून गेलेलं लाल शोधायची; प्रकरणागणिक एखादं तरी सापडायचंच. लाल नाही म्हणजे शंका नाही, आणि शंका नाही म्हणजे लावा पानं.

पुस्तकं ठरून तीनशे. समारंभ नाही, प्रस्तावना नाही, मागे लेखिकेचा हसरा फोटो नाही. ज्यानं मागितलं त्याला पाठवायचं, न मागणाऱ्याच्या गळ्यात मारायचं नाही. वाचकांची कार्डं एका लाकडी खणात, खात्यातल्यासारखी. कुणाला कुठलं पुस्तक गेलं, ते काय म्हणाले, सगळं त्यावर. दोन पुस्तकांना कुणी उत्तर दिलं नाही तर ताई त्याचं कार्ड खणात आडवं करून ठेवायची, फेकायची नाही. "घर बंद असलं म्हणून मीटर काढून नेत नाहीत," म्हणायची.

सातवी कादंबरी बसस्थानकावर हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीत काम करणाऱ्या एका बाईची आहे. तिचा नवरा एकोणिसाव्या प्रकरणात जातो. ते प्रकरण ताईनं लिहिलं तेव्हा भावोजी रोज सहा किलोमीटर फिरायला जात होते. टाइप करताना हसून म्हणाले, "मारलंस एकदाचं मला." त्यानंतर तीन महिन्यांत त्यांच्या हृदयाचं दुखणं निघालं. पायांना सूज, जिना चढताना दम, हाताला थरथर. तरी उश्या लावून टाइप करत राहिले. शेवटचं प्रकरण संपवलं आणि अकराव्या दिवशी गेले.

ताई रडली नाही. आलेल्यांना बसायला खुर्च्या दिल्या, गेलेल्यांमागे दार लावलं. पाचव्या दिवशी साडेपाचला उठून टेबलापाशी उभी राहिली. पेन्सिलीला टोक केलं, फॉर्म उलटा केला आणि सात वाजेपर्यंत तशीच उभी. लिहिलं काहीच नाही. दुसऱ्या दिवशी तेच. मी शेजारच्याच इमारतीत राहते, सकाळी डबा द्यायला गेले की ती तशी दिसायची, कोरा कागद समोर घेऊन. "ताई, चहा टाकू?" म्हटलं की, "टाक." न टाकला तरी तिचं काही म्हणणं नव्हतं. तिच्याकडे बघून माझंही आत काहीतरी बधिर झालं होतं. दिवस उगवत होते आणि मावळत होते, एवढंच.

पुस्तक तरी बाहेर काढू, म्हणून फाइल मीच मागितली. शेवटच्या चार प्रकरणांत लाल काहीच नव्हतं. मला वाटलं, दमले असतील बिचारे, शंका काढणं सोडून दिलं असेल. खोटं कशाला बोलू, काम लवकर उरकतंय म्हणून बरंच वाटलं. पानं लावली आणि तपासायचा गठ्ठा ताईकडे नेला. एरवी भावोजी पट्टी ठेवून एकेक ओळ बघायचे. ताईनं गठ्ठा उघडलासुद्धा नाही. वरच्या पानावर 'छापा' लिहिलं आणि सही केली. ती वाचत नाहीये हे मला दिसत होतं. तरी मी गठ्ठा उचलून छापखान्यात नेला.

तीनशे प्रती आल्या. ताईनं त्यातल्या एकेचाळीस खाकी कागदात बांधून, पत्ते घालून पोस्टात टाकल्या, एखाद्या कारकुनानं टाकाव्यात तशा. आठवड्यानं छापखान्यात फोन आला. पुस्तकावर नंबर छापखान्याचाच असतो, ताईला फोन आवडत नाहीत. एक निवृत्त शिक्षिका होत्या, पहिल्या कादंबरीपासूनच्या वाचक. म्हणाल्या, "पुस्तक छान आहे हो. फक्त पान दोनशे तीनपासून मध्येच कोण बोलायला लागतं, ते काही कळलं नाही."

मी प्रत उघडली आणि आयुष्यात पहिल्यांदा ताईची कादंबरी वाचली. पान दोनशे तीनवर, चालू परिच्छेदात, काळ्याभोर अक्षरांत होतं: 'ही छत्री आधी काळी होती, आता निळी कशी?' भावोजींनी शंका सोडल्या नव्हत्या. मजकूर लाल करायला माऊस धरून ओढावा लागतो, आणि थरथरत्या हातानं ते जमेना, म्हणून लाल करणं तेवढं सुटलं होतं. अशा चार शंका निघाल्या. चौथी वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ नळाखाली हात धूत राहिले.

मालकांना सांगितलं. ते छपाईच्या धंद्यात मुरलेले आहेत. म्हणाले, "शेवटच्या दोन फॉर्मांचा, म्हणजे बत्तीस पानांचाच प्रश्न आहे ना? नवीन छापतो, बांधणी उसवून बदलून टाकू. गेलेल्या प्रती छपाईत दोष आहे म्हणून परत मागवा. झाकली मूठ सव्वा लाखाची. बाईंना आधीच काय कमी दुःख आहे?"

मला ते पटलं. चूक माझी होती आणि झाकायची सोय आयती चालून आली होती. मी फाइल उघडली आणि चारही शंका पुसल्या. एक मिनिटही लागलं नाही. मग त्या स्वच्छ पानांकडे बघत बसले. भावोजींचं ताईशी शेवटचं बोलणं तिनं ऐकलंच नव्हतं, आणि आता कधी ऐकणारही नव्हती. दाखवावं तर तिच्या एवढ्या दिवसांच्या कामाचं मी काय करून ठेवलं हेही तिला दिसणार होतं, आणि ती मोडून पडली तर सावरायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मला भीती वाटत होती, सरळ सांगते. मालकांना म्हटलं, उद्यापर्यंत थांबा. आणि एक प्रत पिशवीत घातली.

ताई भाजी निवडत होती. मी पुस्तक तिच्यासमोर ठेवलं आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. ती उठली, हात पुसले, भावोजींची पट्टी घेतली आणि इस्त्रीच्या टेबलापाशी उभी राहून पान दोनशे तीन काढलं.

"छत्री काळीच होती," ती म्हणाली. "माझी चूक."

मग दोनशे अकरा. 'बसस्थानक ते घर बारा मिनिटं म्हणतेस. मी चालून बघितलं असतं. आता तूच बघ.' मग दोनशे अठरा. 'आज इथे थांबलो. उद्या.' तिनं पट्टी सरकवली. चौथी शंका ती मोठ्यानं वाचायला लागली, आवाज अगदी रोजचा, मीटरचे आकडे वाचावेत तसा. "'नवरा जाऊन पाच महिने झाले, ही बाई अजून रडत नाही. का? वाचणाऱ्याला कळायला हवं.'"

तिनं पट्टी त्याच ओळीखाली धरून ठेवली.

"किती महिने झाले गं?" तिनं विचारलं.

"पाच."

"मापात कधी चुकले नाहीत," ती म्हणाली, आणि पट्टी जागच्या जागी ठेवली.

मी म्हटलं, "ताई, मालक पानं बदलून देतायत. गेलेल्या प्रतीही परत मागवता येतील. तू फक्त हो म्हण."

"पुसायच्या?" तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी लहानपणी तिची वही फाडली होती तेव्हाचं आठवलं. "अगं, शंका उत्तर दिल्यावर पुसतात. उत्तर कुठे दिलंय मी अजून?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला बसस्थानकावर नेलं. पाच महिन्यांत पोस्ट सोडलं तर ती कुठे गेली नव्हती. चौकशीच्या खिडकीपासून घड्याळ लावलं आणि आम्ही निघालो. फुटपाथ खोदलेला होता, औषधाच्या दुकानापाशी तिला धाप लागली, सिग्नलला थांबावं लागलं. मी म्हटलं, "सिग्नलची दोन मिनिटं वजा कर." म्हणाली, "वजा कशाला? बाईलाही सिग्नल लागलाच असेल." घराच्या दारात तिनं घड्याळ बघितलं, आत जाऊन इस्त्रीच्या टेबलापाशी उभी राहिली आणि पाठकोऱ्या फॉर्मावर आकडा लिहिला. त्या टेबलावर पाच महिन्यांत लिहिलेला तो पहिला आकडा.

पुस्तकात चुका राहिल्या की शुद्धिपत्र छापतात, पान अमुक, ओळ अमुक, अशुद्ध काय, शुद्ध काय. ताईनं ठरवलं, पुस्तक आहे तसं जाऊ द्यायचं आणि प्रत्येक प्रतीत एक शुद्धिपत्र चिकटवायचं. एकेचाळीस जणांना ते पोस्टानं जाईल. मालक म्हणाले, "लोक हसतील हो." ताई म्हणाली, "हसू देत. कार्डावर लिहून ठेवीन."

तिनं चार चिठ्ठ्या लिहिल्या आणि सवयीनं बाहेरच्या खोलीत जाऊन कीबोर्डखाली सारल्या. मग मला म्हणाली, "बस आता तू."

मी भावोजींच्या खुर्चीवर बसले. त्यांची उशी अजून पाठीला होती. कीबोर्ड उचलून एकेक चिठ्ठी काढली आणि टाइप करायला लागले.

पान २०३: छत्री काळीच. माझी चूक.

पान २११: चालून बघितलं. सतरा मिनिटं लागतात.

पान २१८: बरं.

पान २२१: मला माहीत नाही. तुम्हालाच विचारणार होते.

ही शेवटची ओळ मी नुसती बघू शकले नाही. मला रडू फुटलं, चांगलं हुंदके देऊन, नाक वाहेपर्यंत. ताई माझ्यामागे उभी होती. ती रडली नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवून थोडा वेळ थांबली, आणि मग तिनं विचारलं, "झालं का?"