लेडीची बाजू

पन्नासचं दशक संपत आलं होतं तेव्हा बंगळूरच्या मल्लेश्वरममधल्या एका मेसमध्ये आम्ही सात मराठी ब्रह्मचारी राहत होतो. सहाजण सरकारी कारखान्यांत किंवा संशोधन संस्थेत इंजिनिअर होते. मी एका इंग्रजी दैनिकात उपसंपादक होतो. उंचीने मी सगळ्यांत कमी, आणि पुढे जे झालं त्याचं मूळ कारण एवढंच आहे.

माझा खोलीसोबती बेळगावकडचा. त्याच्या कारखान्याच्या ऑफिसर्स क्लबात महिन्याच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी नाच असे, जोडीने करायचा, विलायती, बहुतेक वॉल्ट्झ. साहेबांच्या पत्नीने त्याला दोनदा बोलावलं, दोन्ही वेळा त्याने पाय मुरगळल्याचं सांगितलं. तिसऱ्यांदा तोच पाय सांगणं शक्य नव्हतं. कँटोन्मेंटमध्ये एक अँग्लो-इंडियन बाई नाच शिकवत. तिथे त्याने मला सोबत म्हणून नेलं.

बाईंचा एक गुडघा गेला होता. त्या खुर्चीत बसून शिकवत. आमच्या वेळेला मुली येत नसत. बाईंनी आम्हा दोघांना शेजारी उभं केलं, उंची पाहिली आणि मला म्हणाल्या, ''तू लेडी.''

लेडीचं काम मागे जाण्याचं. पाऊल गुडघ्यातून नव्हे, कमरेपासून मागे न्यायचं, आधी चवडा, मग टाच. वजन नेहमी एकाच पायावर हवं, म्हणजे दुसरा पाय मोकळा आहे हे समोरच्याला कळतं. आपल्या पाठीवर त्याचा उजवा हात असतो, सूचना तिथून येते. ती येईपर्यंत थांबायचं. पुढचं पाऊल ओळखता आलं तरी ते आधी टाकायचं नाही. बाई आमच्या दोघांच्या छातींच्या मध्ये घडी घातलेलं वर्तमानपत्र धरायला लावत. ते पडलं की पुन्हा पहिल्यापासून.

मेसच्या लाल सिमेंटवर आम्ही कॅरमची बोरिक पावडर टाकून सराव करत असू. बाकीचे खाटांवर बसून बघत. महिन्याभरात मला मेसमध्ये वहिनी म्हणू लागले. ''वहिनी, अण्णाला जपून न्या हं, त्याचा पाय मुरगळतो.'' अण्णा, म्हणजे माझा खोलीसोबती, मात्र गंभीर असे. ''तुझं वजन कुठल्या पायावर हाय ते कळंना झालंय बघ,'' तो म्हणे, आणि मी वजन सांभाळत असे. तिसऱ्या महिन्यात मी डोळे मिटून मागे जाऊ शकत होतो.

बाईंनी दोनदा सांगितलं, आता बाजू बदला. खोलीसोबत्याला घाई आहे, असं मी उत्तर दिलं. ते खरं होतं. पण ही बाजू मला चांगली येत होती आणि दुसरी येत नव्हती, हेही खरं होतं.

आमच्या ऑफिसात एक अँग्लो-इंडियन टायपिस्ट होती. तिला द्यायचा मजकूर मी स्वच्छ अक्षरात लिहीत असे, इतरांना द्यायचा लिहीत नसे. हे तिच्या लक्षात आलं होतं. तिचे वडील खोलीसोबत्याच्याच कारखान्यात होते, त्यामुळे ती त्या क्लबात जाई. मी वॉल्ट्झ शिकतो आहे हे कळल्यावर तिने सांगितलं, पुढच्या रविवारी पहिला वॉल्ट्झ तिचा.

त्या रविवारी मी खोलीसोबत्याचा पाहुणा म्हणून गेलो. वॉल्ट्झ सुरू झाला. मी डावा हात तिच्या दंडावर ठेवला, म्हणजे लेडी ठेवते तसा. तिने तो काढून योग्य जागी लावला. पहिल्या ठोक्याला मी उजवा पाय मागे नेला. तिनेही नेला. आमच्यामध्ये हातभर अंतर पडलं. ती हसली, जवळ आली, आणि थांबली. मीही थांबलो. तिच्याकडून सूचना येण्याची मी वाट पाहत होतो. शेजारून दोन जोडपी निघून गेली.

पुढचा वॉल्ट्झ खोलीसोबती तिच्याबरोबर नाचला. तो चांगला नाचला. खांद्याच्या पात्याखाली हात किती दाबायचा हे त्याला मी माझ्या पाठीवर शिकवलं होतं.

सोमवारी ऑफिसात ती माझ्या टेबलाशी आली. आवाज खाली ठेवून म्हणाली, ''बाजूच चुकीची शिकलात. त्यात काय एवढं? शनिवारी दुपारी आमच्या घरी या. आधी मी तुम्हाला नेईन, मग तुम्ही मला न्या. येईल चार-सहा शनिवारांत.''

मी म्हणालो, ''आधी नीट शिकतो, मग येतो.''

''नीट शिकल्यावर माझं काय काम?''

मी समोरची बातमी तपासायला घेतली. तिने पुन्हा विचारलं नाही.

खोलीसोबत्याला मी लेडीची बाजू घ्यायला सांगितलं. ''मी? छे. मेसमधी एक वहिनी बास की,'' तो म्हणाला. बाईंनी मला सरावासाठी एक लाकडी खुर्ची दिली. खुर्ची मागे जाते, पण तिचा कुठला पाय मोकळा आहे ते कळत नाही. चार महिने मी त्या खुर्चीला नेत होतो. शनिवारी दुपारी मला ड्यूटी नसे. तो वेळ मी याच सरावाला दिला.

त्या काळात कँटोन्मेंटमधली बरीच अँग्लो-इंडियन कुटुंबं ऑस्ट्रेलियाला चालली होती. तिचंही ठरलं. ऑफिसात निरोपाचा चहा झाला. सगळे उठल्यावर तिने विचारलं, ''झालं का शिकून?''

''अजून वळण जमत नाही,'' मी सांगितलं. माहिती म्हणून हे उत्तर अचूक होतं. तिने मान हलवली आणि टाइपरायटरवर झाकण घातलं.

वळण पुढच्या महिन्यात जमलं. तोवर ते कुटुंब मद्रासच्या गाडीने निघून गेलं होतं. तिने मला शिकायला बोलावलं होतं. मी शिकून जाणार होतो.